नवे शॉक बसवले, तरी गाडी मागून डावीकडे बसकीच

अकराशे
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९६४ ची फियाट ११०० डी आहे. वडिलांनी वर्षानुवर्षं चालवली, मग बारा वर्षं ताडपत्रीखाली होती. गेली तीन वर्षं मी तिला सवडीने उभी करतोय. इंजिन, ब्रेक, वायरिंग झालं. या महिन्यात शॉकअब्जॉर्बरना हात घातला.

जुने चारही गेलेले होते. मागचा उजवा तर काढल्यावर सायकलच्या पंपासारखा नुसत्या हाताने आतबाहेर होत होता. खालच्या डोळ्याभोवती, म्हणजे बोल्ट जातो त्या कड्याभोवती, तेल आणि धूळ मिळून काळा लगदा जमला होता, तो स्क्रू ड्रायव्हरने खरवडूनच काढावा लागला. चारही नवे बसवले. गाडी उघडलीच आहे तर म्हणून मागच्या पाट्यांचे (एकावर एक पोलादी पानं रचलेल्या स्प्रिंगांचे) बुशही बदलले, आतबाहेर धातूची नळी आणि मध्ये रबर असलेले.

चालवताना फरक जाणवतो. खड्ड्यानंतर जी तीन-चार हेलकावे खायची ती आता एकदाच बसते. पण उभी केली की मागून डावी बाजू खाली दिसते. टेपने मोजलं, मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंत डावीकडे १५ मिमी कमी. शिवाय एकंदर मागचा भागच दबल्यासारखा वाटतो.

नव्या शॉकने उंची का आली नाही? डावा शॉक सदोष निघाला असेल का? की डावा पाटा बदलू? की पाट्याला ठोकळा लावून काम भागेल?

मोकळा_रस्ता
फोटोला उभं राहिल्यासारखी एका पायावर भार देऊन उभी आहे म्हणा की! डावा पाटा बसलाय, दुसरं काय. एक जादा पान घाला डावीकडे, विषय संपला.

पाना१७
आधी शॉकबद्दल. शॉक गाडीचं वजन पेलत नाही. वजन पेलते स्प्रिंग, मग ती कॉइल असो, पाटा असो की पीळ घेणारी सळई, म्हणजे टॉर्शन बार. शॉक फक्त स्प्रिंगची हालचाल आवरतो. आतला पिस्टन बारीक भोकांतून तेल ढकलतो, हालचालीची ऊर्जा उष्णतेत जाते. पिस्टन हललाच नाही तर जोर शून्य. म्हणून उभ्या गाडीच्या उंचीत साध्या तेलाच्या शॉकचा काही हात नसतो. चारही शॉक काढून ठेवले तरी गाडी त्याच उंचीवर उभी राहील.

अपवाद गॅस भरलेल्या शॉकचा. त्यात आतला दाब दांड्याला सतत बाहेर ढकलतो. जोर किती, तर दाब गुणिले दांड्याच्या छेदाचं क्षेत्रफळ. दांडा ११ मिमीचा असेल तर क्षेत्रफळ ०.९५ चौरस सेमी. एकनळी शॉकमध्ये दाब २५ बारच्या आसपास धरला तर सुमारे २४ किलोचा रेटा होतो. तेवढ्याने हलकी गाडी थोडी वर येते. दुनळी गॅस शॉकमध्ये दाब बराच कमी असतो, तिथे चार-पाच किलो म्हणजे उंचीत दोन-तीन मिलिमीटर. तुमचे कोणते आहेत?

अकराशे
दुनळी, कमी दाबाचे. म्हणजे १५ मिमी त्यातून येणं शक्य नाही.

सोनचाफा
मी फक्त मागच्या सीटवर बसणारी, त्यामुळे भाबडा प्रश्न. शॉक गेला हे बसल्याबसल्या कसं कळतं? आमच्याकडे एक जुनी गाडी आहे, घरातले सगळे म्हणतात “जुन्या गाड्या अशाच असतात”.

पाना१७
@सोनचाफा, अजिबात अशाच नसतात! उंचवट्यावरून गेल्यावर मागचं टोक वरखाली होत राहणं, ब्रेक मारला की नाक खाली जाणं, वळणावर गाडी आधी कलंडणं आणि मग वळणं, आणि खडबडीत रस्त्यावर ब्रेकचं अंतर वाढणं. टायरवरून हात फिरवून बघा, ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे लागले तर चाक रस्त्यावर टेकून राहत नाही असं समजा.

बंपर दाबून सोडायची चाचणी सगळे सांगतात. गाडी वर येऊन एकदा बसली तर ठीक, डोलत राहिली तर शॉक गेला. पण उलटं खरं नाही. पाट्यांच्या आपसातल्या घर्षणानेही गाडी डोलायची थांबते, शॉक मेलेला असला तरी. खात्री हवी तर एक टोक सोडवून हाताने ताणून-दाबून बघा. पूर्ण हालचालीत सारखा विरोध लागला पाहिजे. मध्येच पोकळ टप्पा लागला की संपला.

सोनचाफा
वाटीसारखे खळगे! मागच्या दोन्ही टायरना आहेत. धन्यवाद, आता घरात दाखवते.

तेलकट
अकराशे, नवे शॉक बसवायच्या आधी हवा काढली होती का? दुनळी शॉक खोक्यात आडवे पडून असतात, आतल्या नळीत हवा शिरते. सरळ उभा धरून पूर्ण ताणायचा, उलटा करून पूर्ण दाबायचा, असं पाच-सहा वेळा. पोकळ टप्पा गेला की मग उभाच धरून गाडीवर चढवायचा. हे न केल्यामुळे नवे कोरे शॉक “खराब” म्हणून परत गेलेले मी पाहिलेत. उंचीशी याचा संबंध नाही, पण विचारून ठेवतो.

अकराशे
हो काका, ते केलं होतं. तुमच्याच एका जुन्या प्रतिसादात वाचलं होतं.

चौथा_गियर
मागून खाली वाटते तर पुढच्या कॉइलचा एक वेढा कापून टाका. गाडी समतल दिसेल आणि वळणावर घट्टही होईल. माझ्या मित्राने केलंय, छान दिसते.

किरमिजी
@चौथा_गियर, कृपया असं कुणाला सुचवू नका. मागचा दोष झाकायला पुढचा चांगला भाग बिघडवायचा?

कॉइलचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो आणि कामाच्या वेढ्यांच्या संख्येने भागला जातो. आठपैकी एक कापला की कडकपणा १४ टक्क्यांनी वाढला आणि चाकाची वर जायची जागा मात्र कमी झाली. म्हणजे खड्ड्यात बंप स्टॉपवर, चाकाची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबरी अडसरावर, आदळणार. शिवाय शॉकचं बळ मूळ स्प्रिंगशी जुळवलेलं असतं, तेही चुकणार. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, चाक पूर्ण लोंबलं की स्प्रिंग जागा सोडू शकते. चाकांचे कोन, म्हणजे कॅम्बर आणि टो, बदलतील ते वेगळंच.

चौथा_गियर
बरं, मान्य. जागा सोडण्याचा विचार केला नव्हता. पण स्प्रिंग जुनी झाली की मऊ पडतेच ना? मग थोडी कडक झाली तर बिघडलं कुठे?

किरमिजी
हा गैरसमज सगळीकडे आहे, म्हणून थांबून लिहिते. स्प्रिंग वयाने मऊ पडत नाही. पोलादाचा लवचिकतेचा गुणांक वर्षांनी बदलत नाही. तार गंजून बारीक झाली नसेल तर कडकपणा पहिल्या दिवशीचाच राहतो. बदलते ती मोकळी लांबी. सतत भाराखाली राहून पोलाद कणाकणाने कायमचं वाकतं आणि स्प्रिंग बुटकी होते. बसलेली गाडी खड्ड्यात जास्त आदळते ती स्प्रिंग मऊ झाली म्हणून नव्हे, बंप स्टॉपपर्यंतचं अंतर कमी उरलं म्हणून. तेव्हा त्यावर उपाय जास्त कडक स्प्रिंग हा नाही. योग्य लांबीची, मूळ कडकपणाची स्प्रिंग हा आहे.

मोकळा_रस्ता
तरी जादा पान घातलेल्या कितीतरी गाड्या धावतायत.

तेलकट
धावतात, आणि मागे बसलेल्याची पाठही धावते त्यांच्याबरोबर. जादा पान म्हणजे जादा कडकपणा. माल वाहायचा असेल तर ठीक आहे. चार माणसांच्या गाडीत ते एका बाजूला घालणं म्हणजे डावी-उजवीचा स्वभाव वेगळा करणं. ब्रेक दाबल्यावर गाडी कुठे ओढेल सांगता येत नाही. ठोकळ्याचंही तेच. ठोकळा जितका उंच तितका गती घेताना ॲक्सल पाट्याला पीळ देतो, आणि पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्टही लांब लागतात.

अकराशे, मला तुमचं १५ मिमीच अजून पटलेलं नाही. मडगार्डपासून जमिनीपर्यंत मोजलंत. त्यात टायरची हवा आली, झीज आली, जमिनीचा उतार आला. आणि साठ वर्षांच्या गाडीचं मडगार्ड दोन्हीकडे सारखं आहे हे कुणी सांगितलं? कधी ना कधी पत्र्याचं काम झालेलंच असतं. ॲक्सलच्या नळीपासून वर चॅसीपर्यंत मोजा, किंवा बंप स्टॉप आणि त्याच्या टेकण्याच्या जागेतलं अंतर मोजा. ते खोटं बोलत नाही.

पाना१७
काकांना अनुमोदन, आणि थोडी भर. मोजण्याआधी चारही टायरना हवा सारखी, डिकी रिकामी, टाकी मॅन्युअलमध्ये सांगितली असेल तशी. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नका, आधी पाच-दहा मीटर पुढे-मागे ढकला. लोंबताना चाकं आत ओढली जातात, ती जमिनीवर घसरून पुन्हा जागेवर यावी लागतात.

पाट्याच्या गाडीत घर्षण इतकं असतं की एकाच मापावर विश्वास ठेवता येत नाही. बंपर खाली दाबा, हळूच सोडा, मोजा. मग बंपर वर उचला, हळूच सोडा, मोजा. दोन आकड्यांत १० मिमीचा फरकही येऊ शकतो. दोन्हींची सरासरी ती खरी उंची.

आणि डावी मागची खाली म्हणजे दोष डाव्या मागच्याच पाट्यात असं नाही. उजवी पुढची स्प्रिंग जास्त उंच असली तरी गाडी तिरक्या कोनातून डाव्या मागच्या कोपऱ्यावर झुकते. ओळखायचं असं: पुढच्या क्रॉसमेंबरच्या (आडव्या तुळईच्या) बरोबर मध्याखाली, जिथे मॅन्युअल परवानगी देतं तिथे, जॅक लावून पुढची दोन्ही चाकं किंचित उचला. आता पुढून गाडी एका बिंदूवर टेकली आहे, पुढच्या स्प्रिंगांचं मत संपलं. कल तसाच राहिला तर दोष मागे. कल गेला तर दोष पुढे. जॅकवर गाडी असताना खाली शिरायचं नाही, फक्त बाहेरून बघायचं.

हळूहळू
उत्तम धागा. माझ्याकडे मॉरिस मायनर आहे, तिच्यात नळीसारखे शॉक नाहीतच, लिव्हरचे आहेत. एक ओतीव डबी, तिच्यात तेल, आणि बाहेर हात. पुढे तर तो हातच वरच्या विशबोनचं (चाक धरणाऱ्या आर्मचं) काम करतो, म्हणजे शॉक बदलणं म्हणजे अर्धं सस्पेन्शन उघडणं. पण एक सुख आहे, वर तेलाचं बूच असतं. बुचाभोवतीची धूळ आधी ब्रशने, मग फडक्याने काढायची, कारण एक वाळूचा कण आत गेला तर झडप अडकते. तेल भरून हात वरखाली करायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. पण शाफ्टचं सील गळत असेल तर भरून उपयोग नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

उंची तिच्यात पुढे टॉर्शन बारने ठरते. तेव्हा शॉक आणि उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण दोन्ही गाडीच्या दोन वेगळ्या जागी आहेत.

किरमिजी
टॉर्शन बार निघालाच आहे तर माझ्या बीटलबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही! मागच्या बारला आतल्या टोकाला ४० दाते आणि बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दाता सरकवला तर ९ अंश फिरतो, बाहेरचा एक सरकवला तर ८ अंश ११ मिनिटं. दोन्ही एकेक, पण विरुद्ध दिशांना सरकवले की फरक उरतो एका अंशापेक्षाही कमी, सुमारे ४९ मिनिटं. जाड दात्यांतून इतकं बारीक समायोजन काढलंय. पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी बराच वेळ त्या दोन आकड्यांकडेच बघत बसले होते.

डावा-उजवा बार अदलाबदल करायचा नाही मात्र. कारखान्यातच त्यांना एका दिशेचा पीळ देऊन ठेवलेला असतो, उलट बसवला तर तुटतो.

बेअरिंग
एक वेगळा नमुना माझ्याकडून. सिट्रोएन डीएस, १९५५ साली आली तीच. तिला स्प्रिंग नाही, गोळे आहेत. आत पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. उंचीचा करेक्टर अँटीरोल बारच्या (कलंडणं आवरणाऱ्या सळईच्या) हालचालीवरून तेल आत घेतो किंवा सोडतो, म्हणून माणसं बसली तरी उंची तीच. आणि शॉकचं काम गोळ्याच्या मानेतली झडप करते.

इथे तुमच्या उलट घडतं. गोळ्यातला नायट्रोजन झिरपून गेला की उंची अगदी बरोबर राहते, पण गाडी दगडासारखी कडक होते. नवखा माणूस शॉक शोधत बसतो. आणि तेलाची चूक तर करूच नये. आधीच्या गाड्यांना लाल, १९६६ नंतरच्यांना हिरवं. एकाच्या जागी दुसरं घातलं की सगळी सीलं जातात.

सोनचाफा
मी गाडी कधी दुरुस्त करणार नाही, पण हा धागा कामं बाजूला ठेवून वाचतेय.

मोकळा_रस्ता
अकराशे कुठे गेले? टेप घेऊन गाडीखाली झोपले वाटतं.

अकराशे
आलो, आलो. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं.

पुढून मध्यावर उचलली, कल तसाच. म्हणजे दोष मागे. बंप स्टॉपचं अंतर, दाबून आणि उचलून घेतलेल्या मापांची सरासरी: उजवीकडे ७२ मिमी, डावीकडे ५७. म्हणजे फरक खरंच १५ चा. मडगार्डने या वेळी तरी खोटं सांगितलं नव्हतं.

डाव्या पाट्याची सगळी पानं टॉर्चने बघितली, तडा दिसत नाही. पानं एकत्र धरणारा सेंटर बोल्ट जागेवर आहे. आता डावा पाटा उतरवायचं ठरवतोय.

तेलकट
थांबा. उतरवू नका. बुश बदललेत ना? डोळ्यांचे बोल्ट कसे आवळलेत, कोणत्या क्रमाने, गाडी कशावर असताना? आठवून सगळं लिहा.

अकराशे
गाडी स्टँडवर होती, मागची चाकं लोंबती. उजवीकडचा पुढचा बोल्ट आणि मागच्या शॅकलचे (पाट्याचं टोक टांगणाऱ्या झुलत्या पट्ट्यांचे) दोन्ही बसवून टॉर्क रेंचने आवळले. डावीकडे शॅकलचा खालचा बोल्ट गंजून धरला होता. रात्रभर गंज सोडवायचं तेल घालून ठेवलं, तरी हलेना, शेवटी कापला. नवा मिळेपर्यंत गाडी जागेवरून सरकवायची होती, म्हणून जुना दुसरा बोल्ट सैल घालून खाली उतरवली. पुढच्या आठवड्यात नवा आला तेव्हा डावीकडचे तिन्ही गाडी चाकांवर उभी असतानाच आवळले, कारण पाना पोचत होता.

तेलकट
सापडलं. तुमची डावी बाजू खाली नाही, उजवी वर आहे.

तुमच्या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं आहे. बोल्ट आवळला की आतली नळी शॅकलच्या पट्ट्यांत घट्ट धरली जाते, बाहेरची पाट्याच्या डोळ्यात. त्यानंतर जी काही हालचाल होते ती रबराच्या पिळातून, घसरून नव्हे. उजवीकडे तुम्ही चाक लोंबत असताना आवळलंत, म्हणजे रबराची “शांत” जागा लोंबत्या स्थितीची झाली. गाडी खाली उतरवली तेव्हा तिन्ही बुश पिळले गेले, आणि ते चोवीस तास गाडीला वर ढकलतायत. डावीकडे नशिबाने बरोबर झालं.

उजवीकडचे तिन्ही बोल्ट गाडी चाकांवर असताना सैल करा, मागचं टोक चार वेळा दाबा, गाडी ढकलून घ्या, मग आवळा. आणि लवकर करा, कारण पिळलेलं रबर काही महिन्यांत फाटतं.

पाना१७
काका, साष्टांग. मी जॅक, तिरका कोन सगळं सांगितलं, पण बोल्ट कधी आवळला हे विचारायचं सुचलं नाही.

चौथा_गियर
हे पुढच्या विशबोनच्या बुशलाही लागू?

तेलकट
चिकटवलेलं रबर जिथे जिथे आहे तिथे तिथे. विशबोन, ट्रेलिंग आर्म, पॅनहार्ड रॉड. पितळी किंवा ग्रीसच्या बुशला नाही, ती फिरतात. पुढचं करताना एक लक्षात ठेवा, पाना पोचत नसेल तर खालच्या आर्मखाली जॅक लावून चालण्याच्या उंचीवर आणा आणि आवळा.

आणि पुढच्याबद्दल आणखी एक. काही गाड्यांत आर्म खाली जाण्याची मर्यादा शॉकच ठरवतो. स्प्रिंग दाबलेली असताना शॉकचा बोल्ट काढला की आर्म सुटतो आणि स्प्रिंग बाहेर येते. काढण्याआधी मॅन्युअल वाचा.

हळूहळू
काका म्हणतात ते गांभीर्याने घ्या. आमच्या गटातल्या एकाने दोन हुकांच्या कॉम्प्रेसरने कॉइल दाबली होती. हुक समोरासमोर न लावता जवळजवळ लावले, स्प्रिंग केळीसारखी वाकली आणि एक हुक निसटला. स्प्रिंग त्याच्या कानाजवळून जाऊन मागच्या लाकडी दारात रुतली. दाराला पडलेलं भोक आम्ही सगळ्यांनी जाऊन बघितलं. त्यानंतर मी कॉइलच्या रेषेत कधी उभा राहत नाही, आणि हुकांना सुरक्षा दोरी बांधतो.

अकराशे
झालं!

उजवीकडचे तिन्ही सैल केले. शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा “टक्” असा आवाज आला आणि माझ्या डोळ्यांदेखत मागचं टोक खाली आलं. हातात पाना तसाच धरून बघत राहिलो. ढकलून, दाबून, पुन्हा आवळून मोजलं: उजवीकडे ६१, डावीकडे ५७. चार मिलिमीटर. काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. मी उद्या सकाळी चांगला पाटा उतरवायला निघालो होतो.

पण आता दोन्ही बाजू सारख्या बसक्या आहेत. मॅन्युअलच्या मापापेक्षा सुमारे २५ मिमी खाली. शॅकलही मागे बराच कललाय.

पाना१७
तो खरा पुरावा. पाटा सपाट झाला की डोळ्यापासून डोळ्यापर्यंत लांब होतो आणि शॅकलला मागे ढकलतो. तुमचे पाटे खरंच बसलेत. आता जोडीने काम करा.

मोकळा_रस्ता
नवे घ्या. जुने ठोकून बाक दिलेले पाटे वर्षभरात पुन्हा बसतात.

तेलकट
सरसकट तसं नाही. पानं तडकलेली नसतील, टोकांशी खोल चर पडले नसतील, तर थंड अवस्थेत बाक देणारा चांगला कारागीर ते वर्षानुवर्षं टिकेल असं करतो. तो प्रत्येक पान वेगळं करून थोड्या थोड्या अंतरावर ठोका देत जातो, आणि सगळी पानं एकत्र जुळवून बघतो. गॅसच्या ज्योतीने तापवून वाकवणारा भेटला तर पाटे उचलून परत या. पोलादाचा कमावलेला चिवटपणा तिथेच जातो, मग ते आठवड्यात बसतात किंवा तडकतात.

मोकळा_रस्ता यांचं इतकं खरं की थोडं बसणारच. म्हणून बाक देताना काही मिलिमीटर जास्त मागून घ्यायचे. आणि बाक देण्याआधी तडे शोधायच्या रंगीत द्रावाने प्रत्येक पान तपासा. टॉर्चने दिसतात ते मोठे तडे. बारीक तडा सेंटर बोल्टच्या भोकापाशी असतो, आणि तो पाटा जुळलेला असताना दिसतच नाही.

किरमिजी
पानांमध्ये ग्रीस लावायचं का? दोन्ही मतं वाचली आहेत.

तेलकट
पानांच्या टोकांशी रबर किंवा प्लास्टिकच्या चकत्या असतील तर नाही, ग्रीस त्यांना खातं आणि धूळ धरतं. चकत्या नसलेल्या जुन्या पाट्यांना ग्राफाइट ग्रीसचा पातळ हात चालतो. मॅन्युअल काय म्हणतं ते आधी बघा.

चौथा_गियर
उंची बदलल्यावर अलाइनमेंट लागेल ना? हे तरी बरोबर सांगतोय?

किरमिजी
अगदी बरोबर! मागचं टोक वर गेलं की कॅस्टरही बदलतो, म्हणून पुढचे सगळे कोन बघायचे. हेडलाइटचा झोतही खाली उतरतो. आणि ज्यांच्या गाडीत मागच्या ब्रेकचा जोर ॲक्सलच्या उंचीवरून ठरवणारी झडप आहे, त्यांनी तिचा दांडा मॅन्युअलप्रमाणे पुन्हा लावायलाच हवा. उंची वाढली की झडपेला गाडी रिकामी वाटते आणि ती मागचा ब्रेक कमी करते.

अकराशे
पाच आठवड्यांनी परत आलोय, आधीच लिहायला हवं होतं.

पाटे सुटे केले. डाव्या पाट्याच्या तिसऱ्या पानाला सेंटर बोल्टच्या भोकापासून कडेकडे तडा निघाला, केसाएवढा, द्राव लावल्यावर लाल रेघ उमटली म्हणूनच दिसला. ते पान नवीन केलं, बाकीच्यांना थंड बाक दिला, टोकांच्या चकत्या नव्या घातल्या. यू-बोल्ट नवे. ते आडव्या-तिडव्या क्रमाने आणि गाडी चाकांवर असताना आवळले. बुशचे बोल्टही या वेळी सगळे गाडी जमिनीवर असतानाच!

पहिल्या दिवशी मॅन्युअलपेक्षा ९ मिमी वर होती. ४०० किलोमीटर चालवल्यावर उजवीकडे ३ मिमी वर, डावीकडे २ मिमी वर. यू-बोल्ट पुन्हा तपासले, दोन नट जवळपास पाव फेरा फिरले. अलाइनमेंट केली, दिव्यांचा झोत लावून घेतला. आकडे तारखेसह डिकीच्या झाकणाच्या आत कागदावर चिकटवलेत, शॉक बदलायच्या आधीचे सोडून. ते मी घेतलेच नव्हते आणि त्याची हळहळ आहे.

रविवारी वडिलांना मागच्या सीटवर बसवून रेल्वेचं फाटक ओलांडलं. ते रुळांवर सवयीने पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून बसले होते. पलीकडे गेल्यावर हात सोडून म्हणाले, “गेलं का फाटक?”

तेलकट
वाचून फार बरं वाटलं. यू-बोल्ट हजार किलोमीटरला आणखी एकदा बघा.

सोनचाफा
आमच्याही गाडीचे मागचे शॉक बदलून झाले. बोल्ट गाडी जमिनीवर असताना आवळायला लावले, मी तिथे उभी राहून.

किरमिजी
आज माझी बीटल मोजली, चारही कोपरे, दाबून आणि उचलून. उजवी मागची ११ मिमी खाली आहे. दाते मोजायला बसते, वेगळा धागा काढते.